पारूनं सोडलेलं दूध

१९ डिसें. ९३
पारूनं आज पुन्हा शेजारणीवर आळ घेतला. चहाची गाळणी चोरली म्हणे. गाळणी हिच्याच कमरेला खोचलेली. शेजारीण बिचारी हसली, "जाऊ द्या बाबा, आजी थकल्या." मला नाही हसू आलं. पायाला मुंग्या, भिंत धरून चालते. परवा मलाच विचारलं, "तुमी कोणाकडं आले?" चाळीस वर्षांचा संसार.

२२ डिसें.
रक्त तपासलं. डॉक्टर म्हणाले, "दूध, अंडी, मटण, काहीच कसं पोटात नाही? त्यातलं जीवनसत्त्व संपलं की डोकं सुकतं, बाबा. सुया घ्या. किती भरून येईल सांगता येत नाही."
कसं नाही ते मला ठाऊक. अठ्ठ्याहत्तरला विद्यापीठाच्या नामांतराची दंगल पेटली, आमचा बाळू तीन दिवस शहरात अडकला. हिनं पिशोरला, आमच्या गावी, खंडोबाला नवस बोलला, पोरगं धड येऊ दे, दूध-अंडी-मटण सोडते. तो आला. हिनं सोडलं ते सोडलंच. जन्म गेला शेळ्या-मेंढरांत, अन् तोंडाला काळा चहा, भाकर, ठेचा.
पंधरा वर्षं समोर बसून जेवलो. म्हणायचो, बाईमाणसाचं असतं काहीतरी. दिव्यात तेल नाही अन् मी आपला वात पुढं सारतोय.

२४ डिसें.
पहिलीच सुई. कंपाउंडरला शहाणपण सुचलं, "आजी, कलेजीचा अर्क हाय, लई ताकद येईल." झालं. हिनं हात वढून घेतला, मग सुई टोचूच देईना. "मला बाटवता व्हय?"
दुपारी जरा शुद्धीत होती. म्हणाली, "ज्या लेकरापायी सोडलं, त्यानं हातानं भरवलं तर नवस सुटंल. दुसऱ्याच्या हातचं नाय."

२ जाने. ९४
बाळूला तिसरा निरोप. आम्हाला पिशोरहून इथं शहरात आणलं अन् स्वतः राहतो वाळूजला, कंपनीजवळ. फोनवर म्हणाला, "बाबा, कुठला नवस? मला कुणी सांगितलंच नाय."
खरंय. पण आईच्या ताटात कधी डोकावला असता तर...

९ जाने.
दुधात पीठ मळून भाकर दिली. पहिल्याच घासाला थुंकली. माझं नाव विसरली, वास नाही विसरली.

१४ जाने.
विद्यापीठाच्या नावाचं ठरलं. क्रांती चौकात पोलीसच पोलीस. गल्लीत पोलिसांची एक गाडी दिसली अन् ही उंबऱ्यावर बसली ती उठेना. "बाळ्या शहरात हाय वं!"
आमचा तर नुसता अडकला होता. ज्यांची घरं जळाली, त्यांच्या आयांनी काय काय सोडलं असंल?

१६ जाने., रवि.
बाळू आला. दूध-भाकरीचा काला स्वतः कुस्करला. घास पुढं केला, "आये, खा. मी आलोय."
हिनं घास त्याच्याच तोंडाकडं वळवला. मग त्याच्या पाठीवरून हात फिरवला. "तू खा बाबा, तुझी माय वाट बघत असंल. माझं लेकरू अजून आलं नाय. ते आल्याबिगर मी नाय खायची."
बाळूनं शिफ्ट बुडवली. मायलेक उंबऱ्यावर बसलेत, बाळूचीच वाट बघत. काला झाकून ठेवलाय.