डोरीनवहिनीची बिटर

८ डिसें. १९९१, रवि.
दादाने आज दोनदा मला डोरीन म्हणून हाक मारली. पहिल्यांदा म्हटलं, "अरे, मी सुमन, तुझी बहीण." त्याचा चेहरा असा पडला की दुसऱ्यांदा नुसती ओ दिली. वहिनी जाऊन दीड वर्ष झालं. विलायतेतलं, लीड्सचं घर मोडून तो इथे मोरिवलीत माझ्याकडे आला, तेव्हा चष्मा नि किल्ल्याच विसरायचा. आता ती गेली हेच विसरलाय.

११ डिसें.
दिवसभर स्वयंपाकघरातले डबे उघडून बघतो. "मॉल्ट कुठंय?" वहिनी घरी बिअर करायची. तिकडची तपकिरी, कडवट. बिटर म्हणतात. शनिवारी दोघं मिळून करायचे. ट्रंकेत तिच्या अक्षरातली कृती सापडली, आणि हॉप्सचं बंद पाकीट. हॉप्स म्हणजे कडूपणासाठी घालतात ती वाळकी हिरवी फुलं.
चौदा वर्षं फळ्यावर किण्वन शिकवतेय. घरात दारूचा थेंब कधी आला नाही. पण त्याचं ते डबे उघडणं...

१५ डिसें., रवि.
कॅम्प ४ च्या बाजारातून जव आणले. नेहमीचा सिंधी दुकानदार. "टीचर, इतना जौ? हवन है क्या?" हो म्हटलं. पन्नाशीला आले, आता खोटं बोलायला शिकतेय.

२१ डिसें.
जवांना छान मोड. गच्चीत वाळत घातले. वाळले की त्यांचंच मॉल्ट. थोडे कढईत भाजायचे, रंगासाठी.

२९ डिसें., रवि.
आज केली. शाळेतला थर्मामीटर आणला होता, दादाने बघितलाही नाही. पाण्यात बोट बुडवून म्हणाला, "टू हॉट, लव्ह." थांबलो. मग भरडलेलं मॉल्ट घातलं. सकाळी शर्टाची बटणं लावता येत नाहीत, पण पातेलं कधी झाकायचं, कधी गाळायचं, फुलं कधी टाकायची, एकदाही अडला नाही. शीळ घालत होता.
मधेच, "डोरीन, मांजर बाहेर काढ." आपल्याकडे मांजर नाही. दार उघडलं, बंद केलं.
शेजारच्या काकू: "कसला गं वास?" म्हटलं, काढा. दिवसरात्र केमिकल कंपन्यांचा वास घेणारी माणसं. पुढे विचारलं नाही.
गार झाल्यावर बेकरीतलं यीस्ट.

५ जाने. १९९२
फेस बसला. चमचा चमचा साखर घालून सरबताच्या बाटल्यांत भरली. बुचं दोऱ्याने बांधली. अकरा बाटल्या, पलंगाखाली.

१९ जाने., रवि.
पहिली उघडली. दादाने ग्लास खिडकीच्या उजेडात धरला. प्यायला.
"सुमे," म्हणाला.
किती दिवसांनी!
"सुमे, तिच्यासारखी नाही झाली. फुलं जुनी आहेत."
मी वेडी, हसत सुटले. "ओळखलंस मला!" तो घरभर बघत राहिला. भिंती, माझा चष्मा, माझे पांढरे केस. मग अगदी हळू, "डोरीन गेली ना गं?"
"हो, दादा."
"कधी?"
सांगितलं. आजच कळल्यासारखा रडला. "मी होतो ना तिच्याजवळ?"
होतास, म्हटलं. मला माहीत नाही.

२० जाने.
सकाळी, "मॉर्निंग, डोरीन!" चेहरा ताजातवाना. कालचं काही नाही.

२६ जाने.
झेंडावंदनाहून आले. राहवलं नाही, अर्धा ग्लास दिला. पुन्हा "सुमे". आईची आठवण काढली, मी लहानपणी विहिरीत पाडलेली कळशी आठवली त्याला. वीसेक मिनिटं माझा भाऊ होता. मग तोच प्रश्न. तेच रडणं, पहिल्यांदाच ऐकल्यासारखं.

२८ जाने.
डॉक्टरांना सगळं सांगितलं. "चवीने होतं कधीकधी. कायमचं नाही. दारू मात्र नको." मी विचारलं, त्याला कळलेलं बरं की न कळलेलं? "ते तुम्ही ठरवा, बाई."

२ फेब्रु., रवि.
आठवडाभर खूश आहे. वाटाणे सोलतो, मला डोरीन म्हणतो, माझ्या हातावर थोपटतो. दुःख कसलंच नाही. आणि मला कुणी सुमे म्हणणारं दुसरं नाही. आई गेली, अण्णा गेले.
वीस मिनिटांच्या 'सुमे'साठी त्याच्या बायकोला पुन्हा मारायचं.
दुपारी एक बाटली काढून ओट्यावर ठेवली. दोरा सोडला. बूच तसंच.
दादा दारात. "रेडी आहे, लव्ह?"
बघू, म्हटलं. खुर्ची ओढून बसलाय. मी हे लिहितेय.