सोनमनं भरून ठेवलेली बॅटरी

॥ श्री सिद्धरामेश्वर प्रसन्न ॥

सोलापूर
८ जुलै २०२४

चि. सिद्धराम यास बिरप्पामामाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

इकडे आम्ही दोघं देवाच्या कृपेनं बरे आहोत. फोन असताना मामानं पत्र लिहिलं म्हणून हसशील. पण आमचं घर दोन खोल्यांचं. काहीही बोललो की ते तुझ्या मामीच्या कानावर जातं, आणि ही गोष्ट तिला इतक्यात कळू द्यायची नाही. म्हणून जेवणाच्या सुट्टीत टॉवेलच्या गठ्ठ्यावर बसून लिहितो आहे. उत्तर अक्कलकोट रोडला कारखान्याच्या पत्त्यावरच पाठव.

सोनमला जाऊन भाद्रपदात वर्ष होईल. तुम्ही दोघांनी मिळून जोडलेलं तिचं रिमोटवरचं हेलिकॉप्टर माळ्यावर चादरीत गुंडाळून ठेवलं आहे. वर्षश्राद्धाच्या दिवशी ते मंद्रूपच्या आपल्या रानात एकदा उडवावं असं माझ्या मनानं घेतलं आहे. उडवणारा अर्थात तू. तिनं तिथं पहिल्यांदा उडवलं तेव्हा गुरप्पाची मेंढरं उधळून ओढ्यापलीकडं गेली होती आणि तो काठी घेऊन तुझ्यामागं लागला होता. उडवलं तिनं, पळालास तू. ते आठवलं की अजून हसू येतं आणि मग बराच वेळ दुसरं काही सुचत नाही.

अडचण चार्जरची आहे. तिचा लहान चार्जर गेल्या वर्षीच बंद पडला. त्याआधी दोन वर्षं ती माझ्यामागं लागली होती की एक चांगला चार्जर आणि त्याला लागणारा पॉवर सप्लाय घेऊ या. लहान चार्जर एक बॅटरी भरायला अडीच तास घ्यायचा. चार्जिंग चालू असताना बॅटरीजवळून उठायचं नाही हा दंडक तू घालून दिलेला, म्हणून पोरगी तेवढा वेळ अंगणात, बॅटरी ठेवलेल्या मातीच्या कुंडीपाशी पुस्तक घेऊन बसायची. मी दर वेळी दिवाळीवर ढकललं. बोनसचं कारण सांगितलं, पण खरं कारण वेगळं होतं. कारखान्याच्या शेडमध्ये उडणाऱ्या कापसाच्या फुसानं, त्या बारीक तंतूंनी, पेट घेतलेला मी पाहिला आहे. त्या बॅटरीचं मला भय वाटायचं. चार्जर मोठा आला की भयही मोठं होईल असं वाटायचं. बापानं भितो म्हणून पोरीला कसं सांगावं?

आता घेणार आहे. दुकानदारानं दोन प्रकार दाखवले. एक सरळ भिंतीच्या प्लगात लागतो. दुसऱ्याला पॉवर सप्लाय वेगळा घ्यावा लागतो. कोणता घ्यावा आणि किती वॅटचा, ते सविस्तर कळव.

बॅटरी एकच आहे, पण भरलेली आहे. शनिवारी संध्याकाळी तिनं दुसऱ्या दिवशी उडवायला म्हणून ती भरून ठेवली, रविवारी ताप आला आणि डेंग्यूनं नवव्या दिवशी तिला नेलं. बॅटरी तशीच राहिली. तुझ्या मामीनं ती खणात बांधून देव्हाऱ्यात ठेवली आहे आणि रोज तिला हळदकुंकू लावते. पहिलं उड्डाण त्याच बॅटरीवर करावं आणि मग नव्या चार्जरनं ती पुन्हा भरावी असा माझा बेत आहे.

अक्काला नमस्कार सांग. वेळेवर जेवत जा आणि मामाला विसरू नकोस.

तुझा मामा
बिरप्पा


चाकण
१४ जुलै २०२४

ती. मामांस सिद्धरामचा शि. सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. तुमचं अक्षर ओळखायला वेळ लागला नाही. लहानपणी सुट्टीत तुम्ही माझी गणिताची वही तपासायचात, तेव्हा माझ्या चुका याच अक्षरात मोजलेल्या असायच्या असं सोनम म्हणायची. आईची तब्येत बरी आहे.

तुम्ही विचारलेलं आधी सांगतो. पॉवर सप्लाय वेगळा असलेलाच घ्या. त्यातलं एक बिघडलं तरी दुसरं वाया जात नाही, आणि रानात वीज नसली तर तोच चार्जर ट्रॅक्टरच्या बॅटरीवरही चालतो. तिच्या बॅटरीत सहा सेल आहेत. प्रत्येक सेल ४.२ व्होल्टला भरला की सगळे मिळून २५.२ होतात. सव्वातीन अँपियरनं भरायची म्हटलं तर ऐंशी-पंच्याऐंशी वॅट लागतात, म्हणून चार्जर दीडशे वॅटच्या आतला नको. थोडी वीज उष्णतेत जाते, त्यामुळं पॉवर सप्लाय चार्जरपेक्षा मोठा हवा. चोवीस व्होल्ट, दहा अँपियरचा पुरेल. चार्जर सहाही सेल सारखे भरणारा असला पाहिजे. एक सेल मागं आणि एक पुढं राहिला की बॅटरी खराब होते. एवढी वर्षं माझ्याकडे हाच प्रकार आहे आणि त्यानं कधी दगा दिला नाही.

मामा, आता दुसरं. देव्हाऱ्यातल्या बॅटरीजवळची समई आजच लांब करा. मामींना काय कारण सांगायचं ते तुम्ही बघा. या जातीची बॅटरी भरून ठेवायची नसते. उडवायची नसेल तर ती निम्म्यावर आणून ठेवावी लागते. भरलेल्या अवस्थेत महिनोन्महिने राहिली तर आतून बिघडत जाते आणि फुगते. मामी घरात नसताना खण सोडून एकदा बघा. कडा सपाट आहेत की पोट आलं आहे? कुणाकडून मीटर मिळाला तर आकडाही घ्या. दाबू नका, टोचू नका. तोवर वर्षश्राद्धाच्या बेताबद्दल मी काही लिहीत नाही.

मामींना नमस्कार. आशीर्वादाचा हात डोक्यावर राहू द्या.

आपला भाचा
सिद्धराम


॥ श्री सिद्धरामेश्वर प्रसन्न ॥

सोलापूर
२३ जुलै २०२४

चि. सिद्धराम यास अनेक आशीर्वाद. वि. वि.

चार्जर घेतला. दोनशे वॅटचा आहे. पॉवर सप्लाय आमच्या कारखान्याच्या इलेक्ट्रिशियननं, ईश्वरप्पानं, एका मोडीत निघालेल्या लूमच्या पॅनेलमधून काढून दिला. चोवीस व्होल्ट, दहा अँपियर, तू लिहिलास तसाच. त्यानं तो दिवसभर बल्ब लावून चालवून पाहिला आणि मगच माझ्या हातात दिला. सहा सेल सारखे भरायचे हे मला लगेच समजलं. तीस वर्षं जॉबर म्हणून लूमची जुळणी-दुरुस्ती करतो आहे. ताण्याचे उभे धागे सारख्या ताणात नसले तर चादरीचं काय होतं ते मला कुणी शिकवायला नको. हे तिनं मला असं सांगितलं असतं तर मी तेव्हाच घेतला असता, असं मनाला समजावून पाहिलं. मनानं ऐकलं नाही.

काल सोमवार होता. तुझी मामी सिद्धेश्वराच्या देवळात गेली तेव्हा खण सोडला. गाठ एवढी घट्ट झाली होती की नखानं सुटेना. तिनं घट्ट बांधली नव्हती, आतली वस्तू वाढली होती. बॅटरी लहान उशीसारखी फुगली आहे. ईश्वरप्पाच्या मीटरवर २४.८ आकडा आला. मी तो पाहत असतानाच ती परत आली, प्रसादाची पुडी हातात घेऊन.

मी सगळं सांगून टाकलं. उडवायचा बेत सांगितला, तू लिहिलेलं सांगितलं, ही आता घरात ठेवण्याजोगी राहिली नाही तेही सांगितलं. ती रागावेल असं वाटलं होतं. ती बॅटरी मांडीवर घेऊन बसली आणि म्हणाली, "तिच्या हातची भरलेली हाय ती. आमी रिकामी केली तर तिनं ठिवलेलं काय ऱ्हायलं या घरात? कपडे मी धुतले की. हे एकच हाय जे तिनं ठिवलं तसं हाय."

समई तेवढी बाहेरच्या खोलीत नेली आहे. तिनं हरकत घेतली नाही, पण बॅटरी देव्हाऱ्यातून हलवू देत नाही. आम्ही दोघं रोज रात्री त्याच खोलीत झोपतो. सिद्धराम, नव्या चार्जरनं ही बॅटरी सुधारता येत असेल तर तसं लिही. मी बाकी काही मागत नाही.

सांभाळून राहा. तुझ्या पत्राची वाट पाहणारा

मामा
बिरप्पा


चाकण
२९ जुलै २०२४

ती. मामांस शि. सा. न. वि. वि.

हे पत्र कुरिअरनं पाठवतो आहे, म्हणजे उद्या-परवा हाती पडेल.

नाही मामा. कुठलाही चार्जर तिला सुधारणार नाही. ती पुन्हा भरायचीच नाही. तिच्यात आहे ते काढून टाकणं एवढंच उरलं आहे, आणि तेही लवकर. घराबाहेर, वाळू भरलेल्या घमेल्यात ती ठेवा. ईश्वरप्पांना म्हणावं, ट्रकच्या हेडलाइटचा चोवीस व्होल्टचा बल्ब जोडा. तासाभरात सगळी उतरेल. मग ती महापालिकेच्या ई-कचऱ्यात द्या. तुम्ही म्हणाल तर मी रजा घेऊन येतो.

आता जे लिहितो ते वर्षभर पोटात ठेवलं होतं. तेराव्याला आलो तेव्हा मी ती बॅटरी देव्हाऱ्यात पाहिली होती. खण नवा होता. ती भरलेली आहे हे मला ठाऊक होतं, कारण शनिवारी रात्री सोनमचाच मेसेज आला होता, सहाही सेल सारखे भरले म्हणून. त्या दिवशी तिचा लहान चार्जर अजून चालत होता, आणि चार्जरनं बॅटरी उतरवताही येते. मी त्याच्यावर लावून ती निम्म्यावर आणून ठेवली असती, तर आज तिनं ठेवलेली निदान निम्मी तरी तुमच्या घरात धड राहिली असती. नंतर चार्जर बंद पडला हे तुम्ही फोनवर सांगितलंत, तेव्हाही मी गप्प राहिलो.

मामींसमोर ते बोलायचा मला काय अधिकार, असं वाटलं. आई दसऱ्यानंतर तुमच्याकडे माझ्यासाठी सोनमची मागणी घालणार होती. सोनमला आणि मला ते माहीत होतं, तुम्हाला नव्हतं. आपल्यात मामाची मुलगी मागणं नवं नाही, तरी सोनमनं अट घातली होती की आधी तिची डिप्लोमाची परीक्षा होऊ द्यायची. बोलणंच झालं नव्हतं, मग मी तुमच्या घरात शोक तरी कोणत्या नात्यानं करायचा? आतेभावाच्या नात्यानं केला आणि संध्याकाळच्या गाडीनं परत आलो.

चूक झाली. माफी मागण्याइतकी सोपी नाही, तरी मागतो.

माझ्यावर रागवा, पण अंतर देऊ नका.

आपला
सिद्धराम


॥ श्री सिद्धरामेश्वर प्रसन्न ॥

सोलापूर
८ ऑगस्ट २०२४

चि. सिद्धराम यास मामा-मामीचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र मी कारखान्यात वाचलं आणि घरी नेऊन तुझ्या मामीला पहिल्या ओळीपासून वाचून दाखवलं. काही गाळलं नाही. हे तुला आवडणार नाही, पण तुला वर्षभर जे एकट्याला वाहावं लागलं ते आणखी एक दिवस तसं राहू द्यायची मला इच्छा नव्हती.

तिनं एवढंच विचारलं की या पोरानं वर्षभर हे गिळलं व्हय. आणि थोड्या वेळानं, तुझा बल्ब किती वेळ चालेल ते विचारलं. मी म्हणालो, तासभर. त्यावर तिनं विचारलं की बल्ब लहान घेतला तर? ईश्वरप्पाला विचारून सांगितलं की ट्रकला बाजूला लावतात तो दहा वॅटचा घेतला तर सात तास चालेल. ती म्हणाली, मग तोच आणा.

रविवारी केलं. साडेअकराला ईश्वरप्पानं अंगणात वाळूच्या घमेल्यात सगळं जोडून दिलं आणि तो समजूतदारपणे निघून गेला. बॅटरी तिनं स्वतः खणातून काढली. बल्ब लागला, पण भर उन्हात तो लागला आहे की नाही ते कळेना. तेव्हा तिनं त्याच्यावर पदराची सावली धरली. मग दिसला. त्यानंतर ती उठली नाही. मी दोनदा जेवायला बोलावलं. चार्जिंग चालू असताना उठायचं नसतं, असं म्हणाली. ते चार्जिंग नाही, उलट आहे, हे मी तिला सांगितलं नाही. मीही शेजारी बसलो. ज्या अंगणात पोरगी अडीच-अडीच तास एकटी बसायची तिथं मी त्या दिवशी पहिल्यांदा बसलो. कुंडीजवळ ऊन दुपारी तीनपर्यंत हलत नाही. मला हे माहीत नव्हतं.

चार्जर परत करणार नाही. तिनं मागितला होता, तो घरात आला आहे, राहू दे. वर्षश्राद्धाला हेलिकॉप्टर उडवायचं नाही असं आम्ही ठरवलं. ते तू घेऊन जा. तुझ्याकडे त्याची निगा राहील. माफीचं म्हणशील तर निम्म्यावर आणून ठेवली असतीस तरी ती तिच्या हातची राहिली नसती असं मामी म्हणते, म्हणून तो विषय तू काढू नकोस. वर्षश्राद्धाला ये आणि या वेळी आमच्याजवळ बस, मागच्या ओळीत नको. सोनमच्या नावानं वाढलेल्या पानाला हात आधी तू लावायचास, असं तिनं बजावून सांगितलं आहे. आणखी एक निरोप तिचाच आहे. अक्का तुझ्यासाठी मुलगी बघते आहे आणि तू दर वेळी नाही म्हणतोस असं कळलं. पुढच्या वेळी बघायला जाताना मामीही येणार आहे.

साडेसहाच्या सुमारास बल्ब पिवळा झाला, मग तांबूस. नुसती तार दिसत होती. ती कधी गेली ते दोघांनाही सांगता आलं नाही. तिनं मला विचारलं, गेली का. मी मीटर लावून पाहिला आणि हो म्हणालो. तिनं बल्ब काढून घेतला. काच अजून कोमट होती. ती पूर्ण गार होईपर्यंत तिनं तो मुठीत धरून ठेवला आणि मग माझ्या हातात दिला.

तू आमचा आहेस, हे लक्षात ठेव.

तुझा मामा
बिरप्पा