काळविटाच्या गळ्यातली काडी

३० डिसेंबर, सोमवार. येळवस, म्हणजे वेळा अमावस्या.
व्यंकटीच्या शेतात जेवण. त्याच्या पोरीच्या लग्नाचे फोटो मी काढले, तेव्हापासून दर येळवसीला बोलावणं असतं. रान शिरूर अनंतपाळच्या अलीकडे. भज्जी, बाजरीचे उंडे आणि वर आंबील. आंबिलीने डोळे जड झाले होते, तेवढ्यात हरभऱ्यापलीकडे काळविटांचा कळप दिसला. पुढचा नर काळाभोर, छाती काढून उभा. उदगीरच्या कितीतरी नवरदेवांना मी असं उभं करून पाहिलंय. एकालाही जमलेलं नाही.

माझा जन्म कशासाठी झाला ते आज कळलं.

१ जानेवारी
संकल्प. आजपासून लग्नं बंद. नवऱ्या उजळ करणं बंद, नवरदेवांची पोटं आत घेणं बंद. इथून पुढे महांतेश म्हणजे वाइल्डलाइफ. नवी लेन्स मागवली. नवी व्हिजिटिंग कार्डं छापायला टाकली.

मंजुश्री म्हणाली, अहो, मग कंधारचं? तिच्या मामेभावाचं आहे. ते लग्न नाही, नातं आहे. ते धरायचं नाही.

५ जानेवारी, रविवार
पूजेसाठी उभारलेली कडब्याची कोप व्यंकटीच्या रानात अजून उभी आहे. आत चुना लावलेले पाच दगड, म्हणजे पाच पांडव. त्यांना नमस्कार करून शेजारी आडवा झालो. लपायला झकास जागा. फक्त पाय बाहेर राहतात.

सकाळी सात. काही नाही.

साडेआठ. काही नाही. उजव्या पायाला मुंग्या.

नऊ. बाहेर निघता येईना. लेन्स आधी काढावी तर मी अडकतो, मी आधी निघावं तर लेन्स. शेवटी व्यंकटीने पाय धरून ओढलं. म्हणाला, साहेब, आमी तर उभ्या उभ्या बघतो की त्यास्नी, रोजच येतेत. त्याला फोटोग्राफी कळत नाही.

१२ जानेवारी, रविवार
मिळाला!!! नर! कळपापासून बाजूला, एकटा. मान खाली घालून उभा, जागचा हलेना. मी कोपीतून सरपटत पार जवळ गेलो तरी पळाला नाही. प्राण्याचा विश्वास मिळवावा लागतो. सगळ्यांना जमत नाही.

१३ जानेवारी
दिवसभर एडिटिंग. गळ्यात बारीकशी काळी काडी अडकलेली दिसते. गवताची असणार. नवरदेवाच्या गळ्यातली माईकची वायर पुसतो तशी पुसून टाकली. एका शिंगाचं टोक मोडलेलं. दुसरं शिंग उलटं करून त्या जागी बसवलं. पोट खपाटीला गेलेलं, ते भरलं. नवरदेवांचं आत घ्यायचं, याचं बाहेर काढायचं. कला तीच. मागे विजेचे खांब होते, तिथे प्री-वेडिंगचं गुलाबी आभाळ टाकलं. डोळ्यांत चमक.

मंजुश्रीने बराच वेळ पाहिलं. म्हणाली, छान आहे, फेटा तेवढा राहिला. कौतुक करायची तिची पद्धत आहे.

फोटो लातूरच्या प्रदर्शनाला पाठवला. नियमात लिहिलंय की प्रकाश सोडून काही बदलू नये आणि निवड झाल्यास मूळ फाइल द्यावी. मी प्रकाशच बदललाय. काडीवरचा जरा जास्त बदलला, एवढंच.

१९ जानेवारी
काल कंधार. नातं. ऐन अक्षतांच्या वेळी कॅमेऱ्यातलं कार्ड भरलं. नवरदेव हार घेऊन ताटकळलेला, भटजींसकट सगळेच माझ्याकडे बघत राहिले. त्यातलं जुनं सगळं उडवलं, काळविटाची मूळ फाइलसुद्धा. काळविटाचा चांगला केलेला फोटो घरी आहेच. वाइटाचं काय करायचं?

२२ जानेवारी
पहिला नंबर! दोन फेब्रुवारीला लातुरात बक्षीस. मूळ फाइल सोबत आणा म्हणाले. बघू.

स्टुडिओबाहेर फ्लेक्स लावला. डावीकडे काळवीट, उजवीकडे मी. आमच्या दोघांची नजर एकाच दिशेला आहे. सासूबाईंचा फोन आला, कधी नव्हे ते जावईबापू म्हणाल्या.

२४ जानेवारी
व्यंकटीचा फोन. म्हणाला, साहेब, त्या एकट्या काळ्याच्या गळ्यात तार हाय. गाडीच्या क्लचची. डुकरासाठी कुनीतरी फास लावला असंल, त्यो तोडून पळालाय. लई रुतलीय, चरता येईना त्याला. एका शिंगाचं टोक बी मोडलंय. तुमी त्याचाच फोटू काढला की, तुमाला दिसली न्हाई?

मी म्हणालो, माझा वेगळा. रानात काळवीट काय एकच असतं का?

फोन ठेवल्यावर हात गार पडले. यंदा थंडी फार आहे.

२५ जानेवारी
वनरक्षक समीक्षा मॅडम स्टुडिओत आल्या. व्यंकटीने त्यांनाही कळवलंय. कळप त्यांना लांबूनच दिसतो, जवळ गेलं की उधळतो. जनावराला बेशुद्ध करून तार काढणारी टीम बाहेरून यायची आहे, पण कुठल्या नराला आणि किती लागलंय ते कळल्याशिवाय बोलावता येत नाही. म्हणून मूळ फोटो हवा होता.

खरं सांगायचं अगदी ओठावर आलं होतं. पण बाहेर फ्लेक्स. टेबलावर नवी कार्डं. मी जो होता तो दाखवला.

त्यांनी तो मोठा करून करून गळा पाहिला. म्हणाल्या, याचा गळा तर साफ आहे. शिंगं अख्खी. अंगावरही चांगला भरलाय. त्याच रानातला का? मी मान हलवली. म्हणाल्या, मग व्यंकटीकाका लांबून काहीतरी बघून घाबरले असतील, टीमला नको म्हणून सांगते. जाताना माझे आभार मानले.

मी एक शब्द खोटा बोललो नाही. त्यांनी गळा मागितला, मी गळा दाखवला.

जेवण गेलं नाही.

२६ जानेवारी
झेंडावंदनाला चौकात सत्कार झाला. शाल घेतली. गळ्याशी टोचत होती, लगेच काढली.

२७ जानेवारी
विचार करून मार्ग काढला. मीच जायचं, गुपचूप. त्या जनावराचा माझ्यावर विश्वास आहेच. पक्कड घ्यायची, तार तोडायची, परत यायचं. तार निघाली की गळा साफ. म्हणजे माझा फोटो खरा. फोटो खरा झाला की मूळ फाइलची गरजच काय? इतकं सोपं होतं आणि मी उगाच जेवलो नाही.

२८ जानेवारी, रात्री
सगळं लिहायची ताकद नाही. थोडक्यात.

उजाडताच काट्याच्या कुपाटीतल्या फटीतून व्यंकटीच्या रानात शिरत होतो. पाय कुणीतरी धरला. साप वाटला. तार होती. क्लचची. पाय ओढावा तितकी आवळते. पक्कड पिशवीत, पिशवी कुपाटीच्या पलीकडे, फोन पिशवीत. हाका मारल्या. ऊन वर आलं. लघवीला लागली. डोक्यावरून पोपट गेले, चांगली फ्रेम होती.

मला भीती वाटली. अगदी पोरासारखा रडलो, हे इथेच लिहितो. माझ्या नुसत्या घोट्याला होती. त्याच्या गळ्याला होती आणि वर चरायचं होतं.

दुपारी व्यंकटी आला. सोडवेना, म्हणून त्याने मॅडमना बोलावलं. मॅडमनी आधी मोबाइलवर माझे फोटो काढले, फासाचा पुरावा म्हणून, आणि मग तार तोडली. व्यंकटी म्हणाला, साहेब, पायावर निभावलं. मग नाल्याकडे बोट केलं.

काळवीट तिथे पडलं होतं. सकाळीच गेलं असेल म्हणाले. एका शिंगाला टोक नव्हतं. पोट पाठीला लागलेलं. गळ्यात काडी. काडी नव्हे. मॅडमनी त्याच्याकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे. मग त्याचेही फोटो काढले.

फार वाईट वाटतंय.

२ फेब्रुवारी
लातूरला गेलो नाही. पाय सुजलाय असं कळवलं. सुजलेला आहेच. फ्लेक्स मंजुश्रीने उतरवला, मला न विचारता.

संकल्प. आता कुठल्याच फोटोत काहीही पुसायचं नाही. वायर तर नाहीच नाही.

४ फेब्रुवारी
मॅडमनी केससाठी फोटो पाठवलेत. सावलीत काढलेले, काळपट. म्हणाल्या, तार स्पष्ट दिसेल एवढं उजळ करून द्या, बाकी कशाला हात लावू नका. मी म्हणालो, मॅडम, तुम्ही बघाच.

काळविटाचा उघडवेना. म्हणून आधी माझा घेतला. फासात पाय अडकून पडलोय तो. उजेड वाढवला. सावली काढली. चेहरा रडवेला होता, किंचित सारखा केला. पोट जरा आत. मन लावून काम केलं, कित्येक दिवसांनी हात मोकळा चालला.

मंजुश्री चहा घेऊन आली. स्क्रीनकडे बघत उभी राहिली. मग म्हणाली, अहो, तार कुठंय?

पाहिलं. कुपाटीत एक माणूस उगाचच आडवा पडलाय. पायात काही नाही.