रुईचा मेहमान

११ नोव्हेंबर २०२५

माणूस आला. पार्सलने!

चंदेरी चिकट टेपचा, घडी घातलेला. डोकं नाही, हात मनगटापर्यंतच. अकिलाने, माझ्या बायकोने, दुकानातच खोकं फोडलं. नेदरलँडचा मार्टिन — तिचं गिऱ्हाईक. त्याने जुने कपडे घालून अंगभर टेप गुंडाळून घेतली, पाठीवर चीर पाडून आतून बाहेर आला आणि राहिलेली कात आम्हाला पाठवली. यात रुई भरली की त्याचं अंग तयार. त्या अंगावर अकिला तरसाचा सूट बेतणार. डोक्यापासून शेपटीपर्यंत, माणसाने आत शिरून चालावं असा.

"सुनो, जरा मेहमान को भर दो," म्हणाली. "घट्ट भरा. खापर गावात तुमच्यासारखं दुसरं कोण भरतं?"

गाद्या भरण्यात आमची तिसरी पिढी. माणूस पहिल्यांदाच.

१२ नोव्हेंबर

भरला. आधी पाय, मग पोट, मग खांदे. खांद्यात रुई मुठीने दाबावी लागते, नाहीतर माणूस पडेल दिसतो. पाठीची चीर टेपने बंद केली. छातीला मापाची टेप लावून पाहिली — चव्वेचाळीस इंच. त्याने सोबत मापांचा कागद पाठवलाय, त्यावरही चव्वेचाळीस. उंची माझ्यापेक्षा बोटभर जास्त.

माझी छाती चाळीस. हे लिहायची गरज नव्हती. तरी लिहिलं.

१५ नोव्हेंबर

हे सगळं कसं सुरू झालं ते एकदा लिहून ठेवतो. पुढे मला वेगळं आठवायला लागेल, अशी भीती वाटते.

दोन वर्षांपूर्वी लायबाने — आमची मुलगी, लग्न होऊन सुरतेला असते — आईला फोनवर व्हिडिओ दाखवला. जनावराचे पोशाख घालून नाचणारी परदेशी माणसं. फरसूट म्हणतात. अकिला हसली, मग तोच व्हिडिओ चार वेळा पाहिला. सुरतेहून दोन मीटर फर आणली. पहिली चूक माझी. माझ्या गादीच्या कात्रीने कापून दिली! कडा अशा झाल्या, जणू बकरी भादरली. घरभर केस. आठवडाभर डाळीत केस. मग तिने स्वतःच शोधलं — फर उलटी घालायची, मागचं कापड तेवढं ब्लेडने चिरायचं, केसांना धक्का लावायचा नाही. आणि लव सगळीकडे एकाच दिशेने.

फोम चिरायला मी शिकवलं. हे खरंच मी शिकवलं. पहिलं डोकं केलं ते मांजर होतं म्हणे, दिसायचं उशीसारखं. दुसरा लांडगा, जबडा वाकडा. तिसऱ्या कोल्ह्याने मात्र माझ्याकडे पाहिलं. मी फोमला तीस वर्षं हात लावतोय, माझ्या फोमने माझ्याकडे कधी पाहिलं नाही.

कोल्ह्याचं डोकं इन्स्टावर विकलं गेलं. शेपट्या गेल्या, पंजे गेले. हा पहिला पूर्ण सूट. मार्टिनला त्याच्या लोकांत ओळखतात. सूट नीट बसला तर त्याचे चार मित्र थांबून आहेत. नाही बसला तर तेही सगळ्यांना कळेल. अकिला हे रोज बोलून दाखवते, बहुतेक स्वतःलाच.

इंग्रजी पत्रव्यवहार माझ्याकडे. बी.ए. झालेला मी.

१९ नोव्हेंबर

मार्टिनने लिहिलं : इन्स्टावरच्या त्या कोल्ह्याचा चेहरा मी अर्धा तास बघत बसलो, करणारीला माझ्याबद्दल काहीतरी कळलंय असं वाटलं.

मी अकिलाला सांगितलं, "कोल्हा आवडला म्हणतो."

खोटं नाही. पूर्णही नाही.

२३ नोव्हेंबर

मेहमान मागच्या खोलीत उभा असतो, खिडकीशी. अकिला त्याच्याशी बोलते. "सीधे खडे रहो मियाँ." त्याच्या अंगाला प्लास्टिक गुंडाळते, त्यावर पेनाने रेघा काढते. पाठीमागून मापाची टेप घ्यायची तर दोन्ही हातांनी कवळावं लागतं. दुसरा मार्ग नाही, मला कळतं. मी शिंप्यांच्या शेजारात वाढलो, शिंपी कुणालाही हात लावतो.

शेजारची शोभाबाई खिडकीतून डोकावली आणि थेट दुकानात आली. "वाहिदभाऊ, वहिनी कोना गळामा हात टाकी उभी शे? मी म्हनं, भाऊ ते दुकानमा शे!"

"गिऱ्हाईक शे," मी म्हणालो.

"खास नही, पेस नही, बोलस नही! असा एक माले भी मंगाडी द्या ना!"

न खाणारा, न पिणारा, न बोलणारा नवरा! गिऱ्हाइकं हसली. मीही हसलो. नंतर एका रजईचे टाके उसवून पुन्हा घातले. वाकडे नव्हते.

२४ नोव्हेंबर

टेपच्या पुतळ्याचा मत्सर! शेहेचाळीस वर्षांचा माणूस!

२७ नोव्हेंबर

डोळे जाळीचे असतात. त्यावर रंग. माणूस जाळीतून बाहेर बघतो, बाहेरच्याला फक्त जनावराची नजर दिसते. अकिला म्हणाली, "मार्टिनला विचारा, डोळे हसरे हवेत की दमलेले?"

तरस तिने लहानपणी पाहिलेलं आहे. तिचे आजोबा तोरणमाळला कापड विकायला जायचे, त्यांच्यासोबत घाटात. "लोक उगाच घाण म्हणतात त्याला," ती म्हणते. "माझ्याकडे बघून ते बिचारंच लाजलं."

उत्तर मोठं आलं. तो गोदामात काम करतो. दिवसचे दिवस कुणाशी बोलत नाही, लोकांना त्याच्यासमोर अवघडल्यासारखं होतं. मित्राचा सूट एकदा घातला तर अनोळखी पोरांनी धावत येऊन मिठ्या मारल्या. डोळे दमलेले हवेत, पण घरी पोचलेल्या माणसासारखे दमलेले.

हे मात्र मी सगळं सांगितलं. गाळायला जागाच नव्हती.

अकिला सुई हातात धरून बसून राहिली. "कितना अकेला आदमी है," म्हणाली. डोळे पुसले. चहा थंड झाला — माझा.

लग्नाला बावीस वर्षं झाली. माझे डोळे हसरे आहेत की दमलेले, हे मला कुणी विचारलेलं नाही. मी तिला विचारलंय का? नाही. हेही लिहायला हवं.

२८ नोव्हेंबर

जुम्म्याची नमाज पढून आलो. अकिला दोरा आणायला अक्कलकुव्याला गेली होती. दुकान बंदच होतं.

मागच्या खोलीत गेलो. त्याची पाठ उसवली. छातीतली, पोटातली रुई काढली — तीन मोठ्या मुठी, मग आणखी दोन. पाठीच्या कडा एकमेकींवर चार बोटं चढवल्या, टेप मारली. वरून पुन्हा टेप, जोड दिसू नये म्हणून. काम फार सफाईदार झालं.

का केलं? तो एवढा रुंद उभा होता. एवढंच उत्तर सुचतं.

काढलेली रुई कुठे टाकावी कळेना. आमच्याच उशीत भरली.

२९ नोव्हेंबर

परत पहिल्यासारखा भरून ठेवणार होतो. अकिला दिवसभर त्याच खोलीत.

३ डिसेंबर

आज धरला गेलो असतो. धरला जायला हवा होतो.

अकिलाने हाक मारली. "इथे एक्केचाळीस येतंय. कागदावर चव्वेचाळीस." मापाची टेप अजून त्याच्या छातीभोवती होती. मी दारात उभा.

"त्याला लिहून विचारायचं का?" ती म्हणाली. मी काही बोलायच्या आत तिने स्वतःच मान हलवली. "राहू द्या. भरणं तुमचं आहे. कागद चुकेल, तुमचा हात चुकत नाही."

आणि तिने कागदावरचं चव्वेचाळीस खोडलं.

मी मान डोलावली. लिहितानाही कान तापतात. खोटं बोललो असतो तर निदान तोंड तरी उघडलं असतं.

४ डिसेंबर

तिने फर कापली. आता परत भरूनही उपयोग नाही.

१४ डिसेंबर

तीनदा सांगायला गेलो. पहिल्यांदा शोभाबाई बसली होती. दुसऱ्यांदा अकिला गुणगुणत होती, ती क्वचित गुणगुणते. तिसऱ्यांदा काहीच अडचण नव्हती.

मनात हिशेब चालतो — फर थोडी ताणते, कदाचित बसेल. कदाचित मार्टिन बारीक झाला असेल. दुसऱ्याने बारीक व्हावं म्हणून दुआ मागणारा माणूस मी!

डोकं पूर्ण झालंय. कान मोठे, मानेवर उभी आयाळ, अंगावर काळे पट्टे. डोळे तिने तीनदा रंगवले. मी त्या डोळ्यांसमोर फार वेळ थांबत नाही.

२६ डिसेंबर

पाठवायच्या आधी फोटो हवेत, कुणीतरी घालून. "उंची तुमचीच जुळते," अकिला म्हणाली. "पण ढगळ होईल तुम्हाला, मार्टिन रुंद आहे ना. मागून पिना लावू."

मी नको म्हणालो. कंबर दुखते म्हणालो. तिने पाय धरून पायात चढवायलाच सुरुवात केली, लायबाला शाळेसाठी तयार करायची तशी.

पिना लागल्या नाहीत. चेन सरळ वर गेली, कुठे अडली नाही, कुठे लोंबलं नाही. खांदे खांद्यांवर, कमर कमरेवर. तिने डोकं घातलं आणि मला अंगणात ढकललं.

आत ऊब, फोमचा वास, स्वतःचा श्वास. जाळीतून खापर थोडं काळसर दिसत होतं. शोभाबाई किंचाळली, "ओ माय वं!" आणि मग जवळ येऊन तिनेच पंजा हातात घेतला. बाजारातून परतणाऱ्या बायका थांबल्या. एक म्हातारा, कधी न पाहिलेला, माझ्या पाठीवर हात फिरवून गेला. मी आत हसत होतो, आणि ते कुणालाच दिसत नव्हतं. मार्टिनला काय हवंय ते मला तेव्हा कळलं, त्याच्याच कपड्यांत.

वळलो तर अकिला. फोन खाली गेलेला. फोटो काढतच नव्हती. माझ्या छातीकडे बघत होती.

माझे कुर्ते बावीस वर्षं तीच शिवते. तिला टेप लागत नाही.

"उतारो," म्हणाली. एवढंच.

२७ डिसेंबर

सांगितलं. सकाळी, चहाच्या आधी. रुई, चार बोटं, टेप, कोल्ह्याबद्दलचं गाळलेलं वाक्य, उशी. एकही गोष्ट ठेवली नाही.

ती म्हणाली, "पुतळ्यावरून? रुई के पुतले पे?" आणि हसायला लागली. हसता हसता ओढणी तोंडावर घेतली. ओढणीमागे हसत होती की दुसरं काही, मला कळलं नाही. विचारायची हिंमत नव्हती.

मग ओढणी खाली घेतली. डोळे लाल. "तीन इंच," म्हणाली. "आणि पंचवीस जानेवारीच्या आत त्याच्या हातात पडायला हवा. त्यांचा मेळा आहे."

"माझी चूक आहे असं मी त्याला लिहितो."

"त्याला काही लिहू नका. उसवायला बसा."

६ जानेवारी २०२६

गेला! अक्कलकुव्याला पोस्टात स्वतः नेऊन दिला.

दहा दिवस दुकान अर्धंच उघडं. दोन्ही कुशी उसवल्या, बगलेपासून मांडीपर्यंत. नवी करडी फर सुरतेला तशी मिळेना. अकिला म्हणाली, काळी जोडू, पट्टेच आहेत असं वाटू दे. दोन्ही बाजूंना एकेक कळी, म्हणजे काळ्या फरची उभी पट्टी, घातली. उसवणं माझ्याकडे, शिवणं तिच्याकडे. उशीतली रुई काढून मेहमानाच्या अंगात परत भरली, तिच्यासमोर, टेप लावून. चव्वेचाळीस.

या दहा दिवसांत ती माझ्याशी पूर्वीसारखीच बोलली. जेवायला वाढलं, शोभाबाईची नक्कल केली. मला वाटलं होतं याहून जास्त होईल. अल्लाहचे आभार.

२४ जानेवारी

मार्टिनचा निरोप. मी एकेक शब्द वाचला, काहीही न गाळता : सूट कातडीसारखा बसला. कुशीतले दोन काळे पट्टे चित्रात नव्हते, पण तेच सगळ्यात सुंदर आहेत, ते कसे सुचले? डोळे पाहून तो रडला. मित्रांपैकी दोघांनी आजच लिहिलंय.

"अजून एकदा वाचा," अकिला म्हणाली.

वाचलं. मत्सर झाला? झाला, थोडा. पण तोंडातून शब्द पुरे बाहेर पडले, आणि ते ऐकताना तिचा चेहरा मी पाहिला. हे आधीच करता आलं असतं.

असं वाटतं, निभावलं.

१० फेब्रुवारी

नवा माणूस आला, पार्सलने. दुकानासमोरून अकिला तो काखेत घेऊन पुढे गेली. बसस्टँडजवळ छगन गाद्या भरतो, त्याच्याकडे. मला हाक मारली नाही.

छगनचं भरणं ढिलं असतं. खांदे पडतात. अकिलाला ते माझ्याइतकंच माहीत आहे.