कुसुमची मोडलेली स्वप्नं

पनवेल, गुरुवार, १ फेब्रुवारी १९६२

माझी धाकटी बहीण कुसुम दिवसेंदिवस खंगतेय. आज चहात मीठ घातलं, कोळणीशी उगाच भांडली. झोपते तर वेळेवर! दिवाळीत तिचे यजमान गेल्यापासून झोपेत पुटपुटते. मग मी खांदा धरून हलवते, पाणी पाजते. वाईट स्वप्नातून सोडवते, असंच समजत होते.

डॉक्टर म्हणाले, "बाई, स्वप्नं मोडलीत तर झोप पुरी कशी होणार? उठवू नका." मी उडवून लावलं.

संध्याकाळी कुसुमला सांगितलं, तर म्हणाली, "ताई, ते उंबऱ्यापर्यंत येतात आणि तू मला हलवतेस."

आज नाही हलवणार. पण झोपेत रडायला लागली तर? तरीही नाही. माझ्या हातांचा भरवसा नाही. अंथरूण स्वयंपाकघरात घालते.