खालच्या बाजूला तुझा चेहरा

प्रिय हृषी,

'प्रिय' मायन्यात लिहावंच लागतं म्हणून लिहिलंय. त्यावर जाऊ नकोस.

तुझ्या कंपनीतला टिल आत्ताच येऊन गेला. तुझ्या आई आत भांडी आवरतायत. काल तुझं वर्षश्राद्ध झालं, त्यासाठी त्या मुद्दाम पुण्याहून आल्या आहेत. कावळे बर्लिनला भरपूर आहेत, ती अडचण आली नाही. आणि टिल जाताना माझा होकार घेऊन गेला. पुढच्या महिन्यात तुझ्या ब्रँडचा नवा स्केटबोर्ड निघतोय आणि त्यावर तुझा चेहरा आहे. तुला न विचारता ठरवलंय, तर निदान कळवावं, म्हणून हे पत्र. तू मला न विचारता काय काय ठरवलंस आणि त्यातलं किती कळवलंस, ते आज काढत बसत नाही.

तुम्हा स्केटबोर्डवाल्यांत ही रीतच आहे म्हणे. आपल्याकडे गेलेल्या माणसाच्या फोटोला हार घालतात. तुमच्यात तो बोर्डच्या पोटाला छापतात आणि पोरं शहरभर दगडी कठड्यांवरून तो बोर्ड घासत नेतात. महिन्याभरात चेहरा ओळखू येईनासा होतो. टिलने हे मला फार जपून, शब्द शोधत समजावलं. त्याला वाटलं मला त्रास होईल. मला इतकं बरं वाटलं की मी त्याला दुसरा चहा विचारला.

तुला माहीत आहे का, तू बोर्डवरून पडून गेलास अशी इथे सगळ्यांची समजूत आहे? तू गेलास इमारतीच्या तळघराच्या जिन्यावरून घसरून. पायात घरातल्या सपाता, आणि छातीशी दुकानांनी परत पाठवलेल्या हुडींचा खोका. टिलने नमुन्याच्या बोर्डवर तुझ्या हनुवटीखाली 'शेवटपर्यंत चाकांवर' असं जर्मनमध्ये छापलं होतं. ती ओळ मी काढायला लावली. सपातांना चाकं नसतात, एवढंच म्हणाले.

कशी सुरू झाली रे ही तुझी 'फरशी' कंपनी? मास्टर्ससाठी बर्लिनला आलास तोवर चाकांवर तू उभा राहिला असशील तो एस.टी.त, जागा मिळाली नाही म्हणून. मग विद्यापीठाच्या मेन्झात, म्हणजे खाणावळीत, जेवायला जाताना बाहेर पोरं बोर्डवरून उड्या मारताना दिसली आणि तुझं डोकं फिरलं. तू वाईट स्केटर होतास, हृषी. साधी जागच्या जागी उडी मारायला तुला दोन हिवाळे लागले. तुझ्या टीममधल्या पोरांनी हे तुला कधी बोलून दाखवलं नाही, म्हणून मी सांगतेय. पण बोलण्यात तू कुणाला हार जायचा नाहीस. टिलसारखी खरोखर जमणारी मुलं तुझ्याभोवती गोळा झाली ती त्या बोलण्यावर.

पहिल्या बोर्डांवर तू पुण्याच्या घरातली शहाबादी फरशी छापलीस. त्या करड्या-निळ्या चौकोनांकडे बघून इथले दुकानदार म्हणाले, काय हा साधेपणा. ती फरशी पुसून पुसून आईंची कंबर गेली, हे त्यांना कोण सांगणार? ब्रँडचं नाव तू देवनागरीतच ठेवलंस, आणि लोकांना तो कुठलासा मंत्र वाटला. टिलने तर हातावर गोंदवून घेतलं. खरा अर्थ कळल्यावरही त्याचं काही बिघडलं नाही, हा त्याचा चांगुलपणा.

ते सुरुवातीचे दिवस मला आवडायचे. पोलंडच्या कारखान्यातून कोरे बोर्ड यायचे, तळघरात आपण दोघं त्यांवर चित्रं चढवायचो. मग तू ते पाठीला बांधून रेल्वेने ड्रेस्डेनला, ब्राउनश्वाइगला दुकानात स्वतः नेऊन द्यायचास. एकदा मीही आले होते. ब्राउनश्वाइगच्या फलाटावर थंडीत आपण डब्यातल्या तिखटमिठाच्या पुऱ्या खाल्ल्या आणि तू म्हणालास, मीनल, आपण काहीतरी उभं करतोय. त्या 'आपण'वर मी पुढची कितीतरी वर्षं काढली.

मग ती मोठी बूट कंपनी 'फरशी' विकत घ्यायला आली आणि तू त्यांना बाणेदारपणे परत पाठवलंस. त्यावर तुझी मुलाखत छापून आली. आम्ही कुणाच्या पैशावर उभे नाही, स्वतंत्र आहोत, असं मोठ्या अक्षरांत. ती मी ऑफिसमध्ये जेवणाच्या सुट्टीत वाचली. तळघराचं भाडं, तुझा विमा, टिलचा पाय मोडला तेव्हाचा खर्च, सगळं माझ्याच पगारातून जायचं. स्वतंत्र कुणापासून होतास तू? माझ्यापासून तर नक्कीच.

पण आज जे झालं ते तुला सांगायलाच हवं.

दुपारी टिल नमुना घेऊन आला. "तर मग, मीनल," म्हणाला, "हा बोर्ड निघाला तर फरशी तगेल. नाहीतर वसंतापर्यंत काही उरणार नाही." मी त्याला हो म्हणणारच होते. तेवढ्यात आई बाहेर आल्या आणि त्यांनी बोर्ड हातात घेतला.

"ही फळी पायाखाली घेतात ना गं?" त्यांनी मला विचारलं. "त्याच्या तोंडावर पाय देणार?"

मी टिलला जर्मनमध्ये सांगितलं. त्याने घाईघाईने बोर्ड फिरवून दाखवला. पाय वर, त्या काळ्या खरखरीत कागदावर. चेहरा खाली. आईंनी मान हलवली. "खाली असेल तर चालेल," म्हणाल्या. मग चष्मा लावून त्या तुझ्याकडे बघत राहिल्या. "किती मोकळा हसतोय. कधीचा गं हा फोटो?"

मला उत्तर माहीत होतं. तरी मी टिललाच विचारलं. मुद्दाम.

"लिस्बन," टिल म्हणाला. "त्या उंच पायऱ्यांवरची उडी जमली ना, तेव्हाचा. त्याची सगळ्यात भारी उडी."

लिस्बन आईंना भाषांतराशिवाय कळलं.

तुझे बाबा पुण्याला अंथरुणावर होते आणि तू लिस्बनला व्हिडिओ काढत होतास. मी रजा टाकून गेले होते. "तू आहेस ना तिथे," तू फोनवर म्हणायचास. हो, मी होते. चमच्याने पाणी मी पाजलं, कूस मी बदलली आणि अग्नी तुझ्या चुलतभावाने दिला. तू तेराव्याला लंगडत आलास. नातेवाइकांना वाटलं, पायाला लागलं म्हणून बिचाऱ्याला उशीर झाला. तू त्यांना तसं वाटू दिलंस. आई तेव्हा एक शब्द बोलल्या नाहीत. तुझ्या पायाला हळदीचा लेप लावत बसल्या होत्या.

आज बोलल्या.

"मीनल, त्याला सांग, वर छापा. त्या काळ्या कागदावर छापता येतं का विचार. पडू देत पाय." आवाज जराही चढला नाही. दूध घेऊन ये सांगावं, तसं सांगितलं. "शेवटचे आठ दिवस हे दाराकडे बघत होते. आणि हा तिकडे असा हसत होता."

मी भाषांतर केलं. शब्दन् शब्द, कुठेही मऊ न करता. कुणीतरी एकदा तुझ्याबद्दल असं बोलायला हवं होतं, आणि ते तुझ्या आईने बोलावं याचा मला आनंद झाला. तुझ्यापाशी खोटं कशाला बोलू?

टिलचा चेहरा पांढरा पडला. मला वाटलं, दुखावला. तो हळूच म्हणाला, "पण हृषीचे वडील तर तो शाळेत असतानाच गेले होते ना? आम्हाला पहिल्यापासून तसंच सांगितलं होतं त्याने."

म्हणून लिस्बनला तुला कुणीच परत जा म्हणालं नाही. म्हणून इतकी वर्षं तुझ्या पोरांपैकी एकानेही बाबांची चौकशी केली नाही. मला वाटायचं, जर्मन लोक, संकोची असतात. तू बाबांना आधीच मारून ठेवलं होतंस, हृषी. ते तिकडे पुण्यात तुझे बोर्ड शेजाऱ्यांना दाखवत होते, आमच्या मुलाची कंपनी म्हणून, आणि इकडे तू त्यांना कधीच पोचवून मोकळा झाला होतास. का रे? सुट्टीत घरी का जात नाहीस, एवढा एक प्रश्न टाळायला?

टिलच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याचा देव त्याच्यासमोर फुटत होता.

"काय म्हणतोय तो?" आईंनी विचारलं.

सांगायला तोंड उघडलं होतं. वर्षभर मी याचीच वाट बघत होते. सगळं जग तुझ्यासाठी मेणबत्त्या लावत असताना कुणालातरी खरा तू दाखवायचा होतास. आणि समोर होत्या आई, चष्म्याची काडी हातात घट्ट धरून.

"तो म्हणतोय," मी म्हणाले, "हृषी तिथे रोज बाबांसाठी रडायचा. तिकीट मिळत नव्हतं. हा फोटो काढायला या पोरांनीच त्याला बळंच हसवलं."

आईंनी टिलकडे पाहिलं. तो रडत होता, त्याच्या कारणाने. त्यांनी ते माझ्या बोलण्याचा पुरावा म्हणून घेतलं. बराच वेळ त्या बोर्डवरून हात फिरवत राहिल्या.

"मग खालीच असू दे," म्हणाल्या आणि आत गेल्या.

तुला वाटेल, मीनलने वाचवलं. तुला नाही वाचवलं. ती बाई जन्मात पहिल्यांदा तुझ्यावर रागावली होती. तो तिचा हक्काचा राग मी काढून घेतला आणि त्याजागी तिच्या हातात पुन्हा तिचा गुणी मुलगा दिला. चांगलं केलं की वाईट, मला कळत नाही. आत भांड्यांचा आवाज येतोय आणि त्या गुणगुणतायत. तू गेल्यापासून मी त्यांना गुणगुणताना ऐकलं नव्हतं.

म्हणजे मेल्यावरही तू मला कामाला लावलंसच. आता हे खोटं मला सांभाळायचंय.

सांभाळीन. आई आहेत तोवर तू लिस्बनला रडत होतास. टिललाही मी तोंड बंद ठेवायला सांगितलंय. पण ज्या दिवशी त्या जातील त्या दिवशी बाबांचं, लिस्बनचं, सपातांचं, सगळं मी तुझ्या प्रत्येक भक्ताला बसवून सांगेन. हे माझं वचन.

तेव्हा जिथे असशील तिथून आईंना खूप आयुष्य माग. त्यांच्यासाठी तू मागितलेली ती पहिलीच गोष्ट असेल.

मीनल