फाटकावरचा नंबर

बाबा, काल दिवसभर मी माझ्याच घरात दोन संगणकांशी भांडलो. दोन्ही लिनक्सवर चालतात. जुन्यातल्या फाइली नव्यावरून वाचता याव्यात म्हणून एकमेकांना जोडले, तर नवा म्हणतो, परवानगी नाही. फाइलींची नावं दाखवायची आणि उघडू मात्र द्यायची नाहीत! वायर तपासली, राउटर बंद करून चालू केला, फायरवॉल उतरवून पाहिली. "पेनड्राइव्हवर घ्या न जी," तुमची सून म्हणाली. माझ्या घरात माझंच भाषण वाचायला मी मागच्या दाराने जाणार नाही, असं तिला सुनावलं. संध्याकाळी चूक सापडली. दोन्हीकडे माझं नाव एकच होतं, पण ही यंत्रं नाव बघतच नाहीत. प्रत्येकाला आतून दिलेला आकडा बघतात. माझे आकडे वेगवेगळे, म्हणून मी परका. नव्यावरचा आकडा जुन्यासारखा केला आणि ते भाषण उघडलं.

सत्तरच्या दशकातलं, मिलच्या संपातलं, मी विशीत असतानाचं. माझ्या भाषणांच्या पुस्तकात तेच पहिलं घ्यायचं आहे. "माझ्या बापाला सुपरवायझर नंबराने हाक मारतो. माणूस नंबर नसतो!" केवढ्या टाळ्या पडल्या होत्या! त्या संध्याकाळी तुम्ही चुलीपाशी बसला आहात, आई भाकर थापते आहे, आणि तुम्ही ताटाकडे बघत बोलता. "गावात नाव सांगतलं का लोक पाणी वरून टाकत. दीक्षा घेतली, शहरात आलो, तरी खोली पाहाले गेलो तं पयले आडनाव. एका फाटकावरच फक्त नंबर विचारते. आन् तू तेच हिसकून राहिला. काहून गा?"

त्याचं उत्तर आज देतो. मला हे पटत नाही, बाबा. नाव झाकल्यावरच उघडत असेल, तर खोट दारात आहे, नावात नाही. काल मी आकडा बदलला, कारण समोर यंत्र होतं. माणसांपुढे बदलणार नाही. भाषणातला एक शब्दही गाळणार नाही.

पण त्याखाली तुमचं बोलणंही छापतो आहे, तुमच्याच भाषेत. हे पत्र कुठे पाठवायचं नाही, म्हणून एवढं इथे लिहितो. ते तुम्ही आधी सभेतच सांगायला निघाला होतात. गर्दीतून वाट काढत माझ्यापाशी आलात आणि म्हणालात, "मले दोन मिनिटं बोलू दे." मला ऐकू आलं होतं. मी घोषणा सुरू केली.